तीन महिन्यांची ढाल

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात, सरोजिनी नगरच्या गजबजलेल्या बाजाराच्या शेजारी, झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत आहे. आणि पोलिसांवर नुकसानभरपाईचा दावा लावता यावा की नाही, या वरवर केवळ वकिलांच्या वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार करण्यास या वसाहतीतील एखाद्या कारकुनाची कल्पना फार सोयीची पडते. केंद्रीय सेवेच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे जो सरकारी नोकर ४८ तासांहून अधिक काळ अटकेत राहतो, तो अटकेच्या तारखेपासून आपोआप निलंबित समजला जातो, आणि त्याच्या हाती पूर्ण वेतनाऐवजी अर्धपगारी रजेच्या हिशेबाने निर्वाहभत्ता तेवढा पडू लागतो. अटक सप्रमाण होती की आकसाची, हे ४८ तास विचारत नाहीत. पुढे यथावकाश तो निर्दोष ठरला तर पगाराची थकबाकी बहुधा मिळेल. परंतु वकिलाचे शुल्क, मोडलेला विवाहसंबंध, शेजारच्या क्वार्टरमधील बंद झालेले येणेजाणे, या सर्वांची भरपाई त्याने कोणाकडे मागावी?

अमेरिकेत हा वाद २०२० च्या मे महिन्यात मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड याच्या झालेल्या मृत्यूनंतर घरोघरी पोहोचला. तेथे १८७१ च्या एका कायद्याने नागरिकास सरकारी अंमलदारावर व्यक्तिशः दावा लावण्याचा हक्क दिलेला आहे, आणि १९६७ पासून तेथील सर्वोच्च न्यायालयाने तोच हक्क एका मर्यादित संरक्षणाच्या सिद्धांताने बराचसा निष्प्रभ करून ठेवलेला आहे. आपल्याकडे असा भारदस्त सिद्धांत कोणी मांडला नाही. आपल्याकडे हेच काम एक घड्याळ करते.

१९७८ च्या दिल्ली पोलीस अधिनियमाचे कलम १४० असे सांगते की, कर्तव्याच्या वा अधिकाराच्या आवरणाखाली, किंवा त्याचे अतिक्रमण करून, पोलिसाने केलेल्या कृत्याबद्दलचा दावा त्या कृत्यापासून तीन महिन्यांनंतर दाखल झाल्यास तो चालवू नये, आणि चालविला गेला असल्यास काढून टाकावा. शिवाय दाव्यापूर्वी किमान एक महिन्याची नोटीस त्या पोलिसाला दिली पाहिजे. सामान्य माणसाने सामान्य माणसास अन्यायाने कोंडून ठेवले, अथवा आकसाने फिर्यादीत गुंतविले, तर १९६३ चा मुदतीचा कायदा दाव्यासाठी एक वर्ष देतो. दिल्लीतील एका प्राध्यापकांनी, खटल्यातून निर्दोष सुटल्यावर, याच एका वर्षाचा आधार घेऊन पोलिसांविरुद्ध नुकसानभरपाई मागितली, तेव्हा १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितले की विशेष कायदा सामान्य कायद्यावर मात करतो, सबब मुदत तीनच महिन्यांची, आणि दावा मुदतबाह्य.

हे तीन महिने आले कोठून? १८६१ च्या पोलीस कायद्यात कलम ४२ म्हणून ते जसेच्या तसे बसलेले आहेत, एका महिन्याच्या नोटिशीसह. सत्तावन्नच्या उठावाने हादरलेल्या राज्यकर्त्यांनी रयतेला वचकात ठेवणारे दल उभारण्यासाठी हा कायदा केला, आणि ११७ वर्षांनंतर स्वतंत्र भारताच्या संसदेने राजधानीसाठी नवा कायदा करताना ती मुदत एका दिवसानेही वाढविली नाही. ज्या राणीच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते, ती त्याच उठावात १८५८ साली ग्वाल्हेरजवळ पडली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्याने, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने, कलम १६१ मध्ये सहा महिने दिले. तेवढे आपण दिल्लीहून उदार.

आता ‘कर्तव्याच्या आवरणाखाली’ म्हणजे काय, याचा कीस न्यायालयांनी असा काही काढला आहे की वाचकाने तो एकदा सावकाश पाहावा. १९६० च्या दशकात, मुंबईचाच कायदा लागू असलेल्या तत्कालीन म्हैसूर राज्यातील भागातून, एका हेड कॉन्स्टेबलने खोटा पंचनामा केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पंचनामा करणे हे पोलिसाचे कर्तव्य. म्हणून तो खोटा केला तरी कर्तव्याच्या आवरणाखालीच केला. म्हणून मुदतीचे संरक्षण त्याला मिळाले. त्याच दशकात महाराष्ट्रातून आणि आंध्रातून आलेल्या प्रकरणांत मात्र न्यायालयाने म्हटले की, कबुलीसाठी संशयिताला मारणे, त्याला बेकायदा डांबणे किंवा लाच घेणे हे कोणत्याच कायद्याने पोलिसाचे कर्तव्य नाही, सबब त्याला हे आवरण नाही. निष्कर्ष मोठा मौजेचा निघतो. जो चिडून लाठी उगारतो त्याला ढाल नाही. जो शांतपणे टेबलाशी बसून, पंचांच्या सह्या घेऊन, एखाद्याचे आयुष्य कागदावर बुडवितो त्याला ती आहे. लक्ष्मीबाई नगरातील आपल्या कारकुनाला, जो जन्मभर कागदावरच जगला, दुसऱ्या प्रकारच्या पोलिसाची भीती अधिक असावी.

बरे, पोलीस जाऊ द्या. सरकारवर दावा लावावा, तर तेथे दुसरी भिंत उभी आहे, आणि ती बांधणारे न्यायमूर्ती मराठी होते. २० सप्टेंबर १९४७ च्या रात्री, फाळणीच्या धामधुमीत, अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनेचांदी विकण्यासाठी मीरतला उतरला असता पोलिसांनी त्याला संशयावरून पकडले, आणि शंभर तोळ्यांहून अधिक सोने व दोन मणांवर चांदी कोतवालीच्या मालखान्यात जमा केली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. चांदी परत मिळाली. सोने मात्र मिळाले नाही, कारण मालखान्याचा ताबा असलेला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन ऑक्टोबरात पाकिस्तानात निघून गेला होता. एवढा मौल्यवान मुद्देमाल सरकारी तिजोरीत ठेवावयास हवा होता, ठेवला नव्हता. निष्काळजीपणा इतका उघड असताही, साताऱ्यात जन्मलेले सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी २९ सप्टेंबर १९६४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठातर्फे निर्णय दिला की, अटक करणे आणि माल जप्त करणे ही सार्वभौम सत्तेची कामे असल्यामुळे त्यांतील चुकीबद्दल राज्य दिवाणी दाव्यात जबाबदार नाही.

गजेंद्रगडकर हे कामगारांच्या आणि सामान्य माणसाच्या बाजूचे न्यायाधीश म्हणून ख्यात होते, आणि या निकालाने त्यांना स्वतःलाही समाधान वाटले नसावे, असे तो वाचताना जाणवते. कारण इंग्लंडने १९४७ साली राजसत्तेलाच न्यायालयात प्रतिवादी होण्यास भाग पाडणारा कायदा केला, तसा आपल्या विधिमंडळांनी करावा, अशी स्पष्ट सूचना त्यांनी त्यातच करून ठेवली. विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ साली, हेच सुचविले होते. १९६५ आणि १९६७ साली विधेयके आली, आणि व्यपगत झाली.

संसद हलली नाही तेव्हा न्यायालयाने आडवाट काढली, आणि तीही एका मराठी सरन्यायाधीशाने. १९८३ साली यशवंतराव चंद्रचूड यांनी, निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या एका माणसाला, दिवाणी दाव्याची वाट न पाहता, मूलभूत हक्काच्या याचिकेतच ३५ हजार रुपये देवविले. दिल्लीत नऊ वर्षांचा एक मुलगा पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला, तेव्हा ‘सहेली’ या स्त्रियांच्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आईला ७५ हजार रुपये देण्याचा हुकूम केला, आणि दोषी ठरणाऱ्या पोलिसांकडून ती रक्कम वसूल करण्याची मोकळीक प्रशासनाला दिली. मोकळीक दिली, सक्ती केली नाही.

पोलिसांची बाजू क्षुल्लक नाही. दंगलीत, गर्दीत, मध्यरात्रीच्या नाकाबंदीवर शिपायाला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. तुटपुंज्या पगाराच्या माणसाला प्रत्येक अटकेगणिक पदरमोड करून कोर्टाची पायरी चढावी लागली, तर तो धनवान गुंडाच्या वाटेलाच जाणार नाही, आणि दिवाणी दाव्याच्या धमकीचा उपयोग गरिबापेक्षा अशा गुंडालाच अधिक होईल. हे सारे मान्य करूनही मला असे वाटते की, संरक्षण द्यावयाचे ते सद्बुद्धीने केलेल्या कृत्याला, आणि तसे कलम महाराष्ट्राच्या कायद्यात स्वतंत्रपणे आहेच. ते कलम पोलिसाच्या मनाचा शोध घेते; तीन महिन्यांची मुदत केवळ तारीख पाहते, आणि म्हणून प्रामाणिक चुकीला व ठरवून केलेल्या कपटाला एकाच मापाने वाचविते. उलट, कपट उघडकीस यायलाच वेळ लागतो, त्यामुळे या मुदतीचा लाभ कपटी माणसाला अधिक. इंग्लंडमध्ये १९६४ पासून शिपायाच्या अपकृत्याबद्दल मुख्य पोलीस अधिकाऱ्यावर दावा चालतो, आणि रक्कम पोलीस निधीतून दिली जाते. तेथील शिपायाने त्यामुळे गस्त सोडली नाही. पैसे प्रथम सरकारने द्यावेत, आणि कपट सिद्ध झाल्यास अंमलदाराच्या वेतनातून ते वसूल करणे सरकारला बंधनकारक असावे, ही व्यवस्था आपल्याला अवघड का वाटावी?

२९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, सरोजिनी नगरच्या बाजारात, पहाडगंजात आणि गोविंदपुरीत स्फोट होऊन साठांहून अधिक माणसे ठार झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने दोन आरोपींना निर्दोष सोडले. तोपर्यंत त्यांची अकरांवर वर्षे तुरुंगात गेली होती. मृतांच्या आप्तांनाही त्या निकालाने काही दिले नाही, हे विसरता येत नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, एका वेगळ्या प्रकरणात, दिल्ली उच्च न्यायालयाने अन्याय्य खटल्यांच्या भरपाईचा विचार करण्यास विधी आयोगाला सांगितले, आणि आयोगाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये खास न्यायालयांची शिफारस करणारा २७७ वा अहवाल सरकारला सादर केला.

त्यानंतर फौजदारी प्रक्रियेची संहिताच बदलली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, सरकारी नोकरावर खटला भरण्याच्या परवानगीचा निर्णय १२० दिवसांत न झाल्यास ती मिळाली असे समजण्याची सुधारणा आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. विनाकारण अटक झालेल्या माणसाला भरपाई देण्याचे जुने कलमही तीत कायम राहिले. तिची कमाल मर्यादा पूर्वीप्रमाणेच १,००० रुपये आहे, आणि ती अटक करणाऱ्या पोलिसाने नव्हे, तर पोलिसाला अटक करावयास लावणाऱ्या माणसाने द्यावयाची आहे.