शेजाऱ्याला निरोप, तोही अमेरिकेवरून

2000 सालापर्यंत नैरोबीतल्या कुणी गल्लीपलीकडच्या मित्राला ई-मेल पाठवला, की बऱ्याचदा तो आधी उपग्रहावर चढायचा, युरोप-अमेरिकेत उतरायचा आणि मग केनियात परतायचा. दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या, आणि त्यांना जोडणारी तार देशातच नव्हती. वळशाचे पैसे जायचे परदेशात.

त्या वर्षी तिथल्या कंपन्यांनी सामायिक एक्स्चेंज उभारलं. मुळात तो एक स्विच. प्रत्येकाने आपली एक तार आणून पोर्टमध्ये खोचायची आणि डेटाची देवाणघेवाण तिथल्या तिथे करायची. वीस कंपन्यांनी एकमेकींना थेट जोडायचं तर 190 तारा लागतात. इथे वीस पुरतात! सरकारी टेलिकॉम कंपनीने आपल्या मक्तेदारीकडे बोट दाखवून तक्रार केली, एक्स्चेंज बंद पडलं आणि 2002मध्ये पुन्हा सुरू झालं. इंटरनेट सोसायटीच्या 2012च्या अभ्यासानुसार स्थानिक डेटाचा विलंब 200-600 मिलिसेकंदांवरून 2-10वर आला.

ही सोय फुकट नाही. पोर्टचं भाडं असतं, आणि सगळ्यांची वाट एकाच नाक्यावरून जाते. एप्रिल 2018मध्ये फ्रँकफर्टच्या एका डेटा सेंटरमधली वीज गेली, तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या एक्स्चेंजांपैकी एकाला फटका बसला. म्हणून ज्या दोन कंपन्यांमध्ये प्रचंड डेटा वाहतो, त्यांनी स्वतंत्र थेट तार टाकणंच शहाणपणाचं. लहान कंपन्यांना मात्र सामायिक स्विचसारखा आधार नाही.

केनियातही नाका एकच राहिला नाही; पुढे मोम्बासालाही एक्स्चेंज उघडलं.