बाळाचे न्हाणे आणि आईची पाठ

न्हाणीघराच्या फरशीवर पाट मांडलेला आहे. शेजारी घंगाळात ऊन पाणी विसणून ठेवले आहे, वाटीत तेल आहे, दुसऱ्या वाटीत मसुराचे पीठ दुधात कालवलेले आहे. आजी पाटावर बसते, लुगडे गुडघ्यांवर सारते आणि दोन्ही पाय समोर लांब करून एकमेकांस जुळवते. मग बाळंतिणीच्या हातून ती बाळ घेते व त्यास आपल्या नडग्यांच्या पन्हळीत निजवते. बाळाचे डोके तिच्या घोट्यांकडे, पाय तिच्या पोटाकडे. प्रथम तेल, मग पीठ, मग तांब्याने पाणी. पाणी डोक्यावर घालताना आजीचा डावा हात बाळाच्या कपाळावर छपरासारखा आडवा होतो आणि पाणी डोळ्यांत न जाता कानशिलांवरून निथळते.

1834 पासून पुढे गिरमिटाखाली जे मजूर मॉरिशसला आले, त्यांतील मराठी मंडळी मुख्यतः रत्नागिरी, सावंतवाडी या कोकणपट्टीतील होती. जहाजावर त्यांना फारसे सामान नेता येत नव्हते. परंतु बाळास न्हाऊ घालण्याच्या या रीतीस सामान लागतच नाही. आजीचे दोन पाय हेच उपकरण. म्हणूनच कोकणच्या पडवीत जे चालत होते ते उसाच्या मळ्यावरील झोपडीतही चालण्यासारखे होते.

आज या रीतीकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता तिच्यातील शहाणपण ध्यानात येते. आजी बसलेली असल्यामुळे बाळाचा भार तिच्या पायांवर आणि पायांचा भार जमिनीवर पडतो. हातांवर काहीच पडत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात. बाळाखाली पाणी साचत नाही, ते वाहून जाते, त्यामुळे बाळाने श्वासाबरोबर पाणी ओढण्याचे भय फार थोडे. शिवाय नडग्या उबदार असतात आणि बाळाने जरा वळवळ केली की आजीच्या कातडीस ते तत्काळ कळते. प्लास्टिकच्या कोणत्याही पाळण्यास हे कळत नाही.

तथापि जुने ते सर्वच सोने मानण्याचे कारण नाही. कानांत तेल घालणे, नाकात फुंकणे, डोक्यास आकार यावा म्हणून दाबणे, न्हाणे झाल्यावर कोंडलेल्या खोलीत धुरी देणे, या गोष्टी बाळास अपायकारक आहेत. जन्मतःच न्हाऊ घालण्याची घाईही तशीच. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की पहिले न्हाणे जन्मानंतर निदान चोवीस तास पुढे ढकलावे, आणि रूढीमुळे ते शक्य नसेल तर किमान सहा तास तरी थांबावे. कारण ओले बाळ चटकन गारठते. आणखी एक धोका बहुधा कोणी मोजत नाही. न्हाणे संपल्यावर तेलकट, निसरडे बाळ हातांत घेऊन, ओल्या फरशीवरून, म्हाताऱ्या गुडघ्यांनी उठणे हा साऱ्या सोहळ्यातील सर्वांत अवघड क्षण होय. ज्या घरात उठण्यापूर्वी बाळ दुसऱ्याच्या हाती देण्याची शिस्त आहे, त्या घराने हा प्रश्न न बोलता सोडवलेला आहे.

परंतु आता हे दृश्य विरळ होत चालले आहे. आजी दुसऱ्या गावी राहते, किंवा तिला जमिनीवर बसवत नाही. ज्या बाईची प्रसूती पोटावर शस्त्रक्रिया होऊन झाली, तिला पाय लांब करून पुढे वाकणे कित्येक आठवडे कष्टाचे जाते. मग दुकानातून प्लास्टिकचे टब येते, ते जमिनीवर किंवा मोठ्या न्हाणटबात ठेवले जाते, आणि आई गुडघे टेकून त्यावर ओणवी होते. बाळाची सोय झाली. आईच्या पाठीचा विचार कोणी केला नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखायचीच, असे म्हणून घरातली वडील माणसे तो विषय मिटवतात. वस्तुतः तो मिटवण्याजोगा विषय नव्हे.

थोडा हिशेब करून पाहावा. सहा महिन्यांचे बाळ साधारण साडेसात ते आठ किलो वजनाचे असते. ते पाठीच्या कण्यापासून 50 सेंटिमीटर पुढे, लांबवलेल्या हातांवर धरले, तर तो भार तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे अवघ्या पाचेक सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना बाळाच्या वजनाच्या दसपट, म्हणजे जवळजवळ 80 किलोइतकी ओढ द्यावी लागते. वाकलेल्या धडाचे स्वतःचे ओझे याहून वेगळे. तेच बाळ 25 सेंटिमीटरवर, छातीशी धरले की ही ओढ निम्म्यावर येते. अमेरिकेत कामगारांच्या ओझ्याविषयी 1991 साली जे सूत्र सुधारले गेले, त्यात उत्तम परिस्थितीतही उचलण्याची मर्यादा 23 किलो धरली आहे, आणि ओझे 50 सेंटिमीटर दूर असेल तर तीच मर्यादा निम्मी होते. ते सूत्र स्थिर ओझ्यासाठी आहे. साबण लावलेले, पाय झाडणारे बाळ हे त्या सूत्रकारांच्या डोळ्यांपुढे खासच नव्हते.

कामाची साधने माणसाच्या देहास जुळवून घेणाऱ्या या शास्त्रास एर्गॉनॉमिक्स म्हणतात. हा शब्द पोलंडमधील शास्त्रज्ञ वोइचेख यास्तशेंबोव्स्की याने 1857 साली दोन ग्रीक शब्द जोडून बनवला. त्यांचा अर्थ श्रम आणि नियम. कारखाने, विमाने, कचेऱ्या यांच्यासाठी या शास्त्राने पुष्कळ केले. न्हाणीघराकडे मात्र ते फार उशिरा वळले, कारण तिथल्या श्रमास कोणी श्रम मानीत नव्हते. आईच्या मनगटाचे दुखणे घ्या. बाळास काखेत धरून उचलताना अंगठे पसरलेले आणि मनगटे वाकलेली असतात. दिवसातून अनेक वेळा हे घडले की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायुबंधांचे आवरण सुजते. स्वित्झर्लंडचा शल्यवैद्य फ्रित्स द केर्व्हाँ याने 1895 मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्याचेच नाव त्यास मिळाले. नव्या मातांमध्ये तो इतका आढळतो की वैद्य त्यास सहज ओळखतात. बाळाच्या मानेखाली व कुल्ल्यांखाली तळवे सरळ सरकवून उचलले तर मनगट वाचते. पण त्यासाठी टबाच्या कडा बुटक्या आणि आत हात शिरण्यापुरती जागा हवी. ही गोष्ट टब घडवणाऱ्याच्या हातची आहे, आईच्या नव्हे.

चांगल्या साधनाची पहिली कसोटी उंची. उभ्याने करावयाचे हातांचे काम कोपराच्या किंचित खाली असावे, असा साधारण नियम आहे. 152 सेंटिमीटर उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून सुमारे 96 सेंटिमीटरवर येते. तेव्हा बाळाचे अंग 80 ते 85 सेंटिमीटरवर असले की तिची पाठ सरळ राहते. युरोपातील उंच बाईच्या मापाने केलेली घडवंची हिच्या खांद्यांना त्रास देणार, हे उघड आहे. भारतीय देहांची मापे घेऊन देवकुमार चक्रवर्ती यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतर्फे 1997 साली एक ग्रंथच प्रसिद्ध केला, त्यामागील विचार हाच होता. ज्या घरात सासू, सून आणि बाप असे तिघे आळीपाळीने न्हाऊ घालतात, तिथे घडवंचीची उंची कमीजास्त करता येणे हाच खरा उपाय.

दुसरी कसोटी पाण्याचे ओझे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टबात पंधरा लिटर पाणी आणि आठ किलोचे बाळ म्हटले की घडवंचीवर 23 किलो झाले, आणि त्यातले पाणी हेलकावे खाणारे. म्हणून घडवंचीचे पाय रुंद पसरलेले, घसरू न देणारे व उघडल्यावर पक्के अडकणारे असावेत. पाणी उपसून किंवा टब उचलून ओतण्याऐवजी तळाशी बूच आणि नळी असावी. ही बुचाची युक्ती क्षुल्लक दिसते. परंतु न्हाणे संपल्यावर थकलेल्या बाईची कंबर जिथे मोडते, नेमके तिथेच ती उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट सोयीच्या पोटी लपलेल्या संकटाची. बाळास बसते ठेवणारी कडी किंवा खुर्ची मोठ्या टबात चिकटवून वापरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पसरली. बाळ बसलेले दिसते, आईचे हात मोकळे होतात, आणि टॉवेल आणायला म्हणून ती क्षणभर दूर जाते. तेवढ्यात चूषक सुटून खुर्ची कलते, किंवा बाळ पायांच्या भोकांतून खाली घसरते. चार बोटे पाणीही बाळास बुडवायला पुरते, आणि बुडणारे बाळ ओरडत नाही. अशा घटनांत शंभराहून अधिक बाळे दगावल्यानंतर 2010 मध्ये तिथे या खुर्च्यांच्या स्थैर्याविषयी सक्तीचे नियम झाले. युरोपातही 2018 मध्ये न्हाण्याच्या साधनांचे मानक आले. नियम आवश्यकच होते. परंतु जे साधन आईस दूर जाण्याचा धीर देते, त्याची घडणच मुळात चुकली, असे म्हणणे भाग आहे. टॉवेल अडकवण्याची खुंटी घडवंचीलाच लावली असती तर तिला उठावेच लागले नसते.

पाण्याच्या उष्णतेविषयीही सावध राहावे लागते. मॉरिशसमधील अनेक घरांच्या गच्चीवर आता सूर्यशक्तीचे बंब आहेत, आणि भर उन्हाळ्यात त्यांतील पाणी हाताला सोसवत नाही. 60 अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजून काढते. बाळाची कातडी तर त्याहून नाजूक. न्हाण्याचे पाणी 37 ते 38 अंश असावे. टबात आधी गार पाणी, मग ऊन. आणि बाळ टबात असताना वरून नळ सोडू नये. जुनी माणसे कोपर बुडवून पाहात. तळहातापेक्षा कोपराची कातडी नाजूक असल्यामुळे ती परीक्षा आजही खोटी ठरलेली नाही.

गेल्या काही वर्षांत जी साधने खरोखर उपयोगी ठरली आहेत, त्यांतील काहींची ठेवण पाहिली की आजीच्या नडग्यांची आठवण होते: उतरता तळ, मधे खोलगट पन्हळ, खालून वाहून जाणारे पाणी, वर ताणलेली मऊ जाळी. भेद इतकाच की ती कंबरेच्या उंचीवर उचलून धरलेली असतात. काही घडवंच्यांखाली गुडघे शिरतील एवढी मोकळी जागा ठेवतात. मग चाकाच्या खुर्चीतील आईलाही आपल्या बाळास स्वतःच्या हाताने न्हाऊ घालता येते. गुडघ्यांनी थकलेल्या आजीसही स्टुलावर बसून तिथे हात पुरतो. टब घेण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे कोपर जमिनीपासून किती उंच आहे, ते एका काठीवर खूण करून पाहावे, आणि सर्वांत बुटक्या खुणेपासून सुरुवात करावी. बहुधा ती खूण आजीचीच असते.