कानातला ओळंबा

लेख वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहा. हातातला हा अंक डोळ्यांसमोर धरा आणि डावीकडून उजवीकडे भराभर हलवा. अक्षरे पुसट होतील, ओळी एकमेकींत मिसळून जातील. आता अंक स्थिर धरा आणि तितक्याच वेगाने मान हलवा, आपण ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तशी. अक्षरे वाचता येतात! दोन्ही वेळा हालचाल तेवढीच होती. मग पहिल्या वेळी अक्षरे का पळाली आणि दुसऱ्या वेळी जागेवर का राहिली?

हा प्रश्न मला माझ्या आजीमुळे पडला. मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक हाती धरले नव्हते, आणि घरात विचारावे असे कॉलेजात गेलेले कोणी नाही. तेव्हा जे वाचले, जे डॉक्टरांनी समजावले, ते माझ्यासारख्यांना कळेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आजी आंदर मावळातली. माझ्या जन्माच्या आधी तिला क्षय झाला होता. इंजेक्शनांचा कोर्स झाला, खोकला थांबला, अंगावर मांस चढले. आजी वाचली. पण त्यानंतर ती पूर्वीसारखी चालली नाही. दिवसा सपाट वाटेवर ती बरी असे. अंधार पडला की भिंतीला हात लावल्याशिवाय पाऊल उचलत नसे. भाताच्या खाचरांचा बांध ती बसून, हात टेकत ओलांडी. सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे, वाटेत समोरून आलेल्या माणसाला ती ओळख देत नसे. ‘आजारातून उठली आणि गर्व चढला,’ असे बायका म्हणू लागल्या. एकाने तर तिच्या चालण्यावरून नको तो संशयही घेतला. घरच्यांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिले, देवऋषी केला, तीनदा चष्मा बदलला. ‘चालायला लागलं की समदं जगच हलतं,’ असे आजी सांगे. त्या वाक्याचा अर्थ कोणालाच लागला नाही.

एक गोष्ट मात्र मी लहानपणी स्वतः पाहिली आहे. डोळसनाथाच्या उत्सवात आजी मला घेऊन गोल फिरणाऱ्या चक्रात बसली. खाली उतरल्यावर मी भोवळ येऊन मातीतच बसले. आजीला काहीच झाले नव्हते. ‘मला नाही बाई चक्कर येत,’ असे ती मोठ्या अभिमानाने म्हणाली. तिच्या आजाराची खूण याच अभिमानात होती, हे मला परवापरवा कळले.

माझे वडील गवंडी आहेत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे ते ओळंब्याने पाहतात, आणि दोन टोके एका पातळीत आहेत का हे पाणी भरलेल्या नळीने. निसर्गाने ही दोन्ही हत्यारे आपल्या कानात बसवून ठेवली आहेत. कानाच्या मागे, कवटीच्या कठीण हाडात आंतरकर्ण असतो. त्याचा शंखासारखा वेटोळा भाग ऐकण्याचे काम करतो. त्याला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींशी काटकोनात मिळतात, तशा या तिघी तीन दिशांना असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका वळते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो आणि तेथल्या मऊ पडद्याला ढकलतो. त्या पडद्यात शिरलेल्या बारीक केसांच्या पेशी, म्हणजे केशपेशी, वाकतात आणि मेंदूला वर्दी देतात. शेजारच्या दोन पिशव्यांत केशपेशींवर चुनखडीचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. डोके कलले की हे कण खाली ओढले जातात. हाच आपला ओळंबा.

फुगडी घातलेल्या प्रत्येक मुलीने या द्रवाचा अनुभव घेतलेला आहे. फुगडी बराच वेळ चालली की द्रवही शरीराबरोबर फिरू लागतो. आपण थांबतो, तो मात्र फिरतच राहतो, आणि केशपेशी मेंदूला सांगतात की अजून फिरणे चालूच आहे. म्हणून घर गरगरते. ज्याच्या केशपेशीच मेल्या, त्याला भोवळ कोठून येणार? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली अशीच पाहणी प्रसिद्ध केली. ५१९ मूकबधिरांपैकी १८६ जणांना गरगर फिरूनही भोवळ आली नाही. तुलनेसाठी घेतलेल्या हार्वर्डच्या सुमारे २०० विद्यार्थी-अध्यापकांत असा एकच निघाला.

आता आरंभीच्या प्रयोगाकडे वळू. डोके उजवीकडे वळले की कानातून निघालेला संदेश मेंदूच्या देठातून थेट डोळ्यांच्या स्नायूंना पोहोचतो आणि डोळे तितकेच डावीकडे सरकतात. या मार्गात मुख्यतः तीनच चेतापेशी आहेत. सारे काम सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत उरकते. डोळ्याने पाहून मग डोळा वळवायचा तर सुमारे दहापट वेळ लागतो. म्हणून हलता अंक डोळ्यांना पकडता येत नाही. हलत्या मानेची भरपाई मात्र कान परस्पर करून टाकतो. या प्रतिक्षिप्त क्रियेमुळेच आपण चालताना दुकानाची पाटी वाचतो, एस.टी. खडखडत असतानाही शेजाऱ्याचा चेहरा ओळखतो. आजीकडे ही सोय उरलेली नव्हती. प्रत्येक पावलाला तिच्या डोळ्यांपुढचे चेहरे विरघळत होते. ती गर्विष्ठ नव्हती. थांबल्याशिवाय तिला माणूस दिसतच नव्हता.

हे झाले कशाने? याचे उत्तर आपल्या परिसराच्या इतिहासाला स्पर्श करते. १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मातीतल्या सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयावर चालणारे हे पहिले प्रतिजैविक. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत औषध न मिळालेल्या ५२ रुग्णांपैकी १४ जण सहा महिन्यांत दगावले. औषध मिळालेल्या ५५ पैकी चारच. पण याच चाचणीत औषध घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांना घेरीचा त्रास झाला. हे औषध आंतरकर्णात शिरून केशपेशी मारते.

पुढे हे औषध आपल्याकडेही तयार होऊ लागले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला. आपल्या भागातले लोक त्याला ‘एच.ए.’ म्हणतात. पेनिसिलिनमागोमाग तेथे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. गोरगरिबांच्या देशाला परवडणारे औषध मिळाले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. औषध कोठेही बनो, कानाला होणारी इजा हा कारखान्याचा दोष नव्हे; तो त्या रेणूचा स्वभाव आहे. जेंटामायसिन, कॅनामायसिन ही त्याच कुळातली. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन मुख्यतः तोलाचे इंद्रिय बिघडवतात, कॅनामायसिन मुख्यतः श्रवण.

ज्यांना लिहिता आले त्यांनी आपला अनुभव लिहून ठेवला. जॉन क्रॉफर्ड या अमेरिकन डॉक्टरांना सांध्याच्या क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन देण्यात आले होते. १९५२ साली त्यांनी लिहिले, की वाचायचे तर पलंगाच्या उशाकडील लोखंडी गजांत डोके घट्ट रोवावे लागे, नाहीतर हृदयाच्या ठोक्यासरशी अक्षरे हलत. आपल्या मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ साली क्षयावरील कॅनामायसिनने गेली. त्या खचल्या नाहीत. बेडाक्विलिन या कान न बिघडवणाऱ्या गोळ्यांच्या एकस्वाची मुदत वाढू नये म्हणून त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह हरकत घेतली, आणि २०२३ साली भारतीय एकस्व कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. त्याआधी २०१८ सालीच जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असे सुचवले होते.

आजीचे निदान गेल्या वर्षी पुण्यात झाले. डॉक्टरांनी तिला आपल्या नाकाकडे पाहत राहायला सांगितले आणि तिचे डोके दोन्ही हातांत धरून झटकन थोडे बाजूला वळवले. माझे डोळे अशा वेळी नाकावरच राहिले. आजीचे डोळे डोक्याबरोबर गेले आणि मग उडी मारून परत आले. सिडनीच्या हाल्माजी व कर्थॉईस यांनी १९८८ साली ही परीक्षा मांडली. तिला यंत्र लागत नाही. नंतर कानात थंड आणि कोमट पाणी सोडून पाहिले. निरोगी माणसाचे डोळे त्याने थरथरतात. ही परीक्षा शोधणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते. आजीचे डोळे दोन्ही कानांच्या वेळी शांत राहिले. डॉक्टर म्हणाले, ‘यांचं खरं आहे. यांना जग हललेलंच दिसतं.’ आजी रडली. इतक्या वर्षांत तिच्यावर कोणी विश्वास ठेवण्याची ही पहिली वेळ होती.

मेलेल्या केशपेशी पक्ष्यांत पुन्हा उगवतात. माणसाच्या कानाला मात्र गेलेले परत मिळवता येत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आठ रुग्णांच्या कानात तोलाचे विद्युत-यंत्र बसवून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची चाल सुधारली. ते आपल्या दारी येईल तेव्हा येईल. तोवर व्यायाम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी तो बसवला. आजी रोज सकाळी अंगठ्यावर नजर रोखून मान हलवते. डोळे, मानेचे स्नायू आणि तळपाय यांनी कानाची रजा भरून काढायची, असा तो मेंदूला दिलेला धडा आहे. वडिलांनी न्हाणीघरापर्यंत कठडा बांधला आणि वाटेवर दिवा लावला. एवढ्याने तिचे पडणे पुष्कळ कमी झाले.

प्रतिजैविकाची इंजेक्शने घेणाऱ्या माणसाला कानात आवाज येऊ लागला, अंधारात झोक जाऊ लागला किंवा चालताना दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. औषध मनाने बंद करू नये. क्षय जीव घेतो. आईकडच्या कोणाचे ऐकणे अशा इंजेक्शनाने गेले असेल तर तेही सांगावे, कारण तसा धोका आईकडून मुलांत येऊ शकतो.

आंधळ्याला आपण वाट देतो, बहिऱ्याशी मोठ्याने बोलतो. ज्याचा तोल गेला त्याला मात्र आपण दारुडा किंवा मानभावी ठरवतो, कारण असे इंद्रिय आहे हेच आपल्याला ठाऊक नसते. आता ते आपल्याला कळले आहे. वाटेत एखादी म्हातारी ओळख न देता जात असेल, तर आपण थांबावे, तिलाही थांबवावे आणि मग तोंड भरून बोलावे. थांबल्यावर तिला आपण दिसतो.