पिस्तुलाचं काडतूस, रिव्हॉल्व्हरच्या पोटात

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. त्या कडेवर काडतूस चेंबरमध्ये अडतं आणि तिलाच धरून रिकामी पुंगळी बाहेर ढकलली जाते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या काडतुसाला मात्र नुसती खाच असते. मग ते रिव्हॉल्व्हरमध्ये वापरायचं कसं?

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि एम१९११ पिस्तुलं पुरेनात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी त्या पिस्तुलाच्याच .४५ एसीपी काडतुसासाठी रिव्हॉल्व्हर बनवली. तीन-तीन काडतुसं खाचेत धरणारी अर्धचंद्राकार पोलादी पट्टी हा त्यातला खरा शोध. इतकी साधी, इतकी देखणी युक्ती मला या क्षेत्रात दुसरी दिसत नाही!

आज रुगरची खिशात मावणारी एलसीआर रिव्हॉल्व्हर ९ मिमीच्या पिस्तुल-काडतुसासाठीही मिळते. तिला तशीच, पण पूर्ण गोल पट्टी, म्हणजे मून क्लिप, लागते. पाचही काडतुसं एकदम आत, पाचही पुंगळ्या एकदम बाहेर. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या नेहमीच्या .३८ स्पेशल काडतुसाची पुंगळी सुमारे २९ मिमी लांब, ९ मिमीची जेमतेम १९. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या बाहेर ढकलणारा इजेक्टर रॉड आखूड असतो, त्याला हा फरक फार मोलाचा.

पण क्लिप जराशी वाकली तरी सिलिंडर अडू शकतो. चार्टर आर्म्सच्या पिटबुल रिव्हॉल्व्हरला क्लिपच लागत नाही. तिच्या पुंगळ्या काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरमधले स्प्रिंगवरचे दात थेट खाच पकडतात. तरी माझी पसंती क्लिपलाच, कारण झटपट भरण्यात तिला तोड नाही.