रागाचा घास, पश्चात्तापाचा उपास

दिवाळीचे डबे भरले, की पुष्कळ घरांतून एक मौज दिसते. "मी नाही बाई खात, वजन वाढलंय," असे चारचौघांत सांगणारी गृहिणी दुपारी सगळी निजानीज झाल्यावर डबा उघडते आणि उभ्या उभ्याच दोन करंज्या संपवते. मग मनाला टोचणी लागते. रात्री स्वतःचे पान ती घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मुलांवर डाफरत असते. घरातली माणसे म्हणतात, "हिला जिभेवर ताबा नाही, आणि रागावरही नाही!"

हा आरोप कितपत खरा आहे?

दुसरे महायुद्ध चालू असताना, 1944-45 साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धट्टेकट्टे तरुण सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण स्वखुषीने आले होते. त्यांचे वजन जवळजवळ चौथाईने घटले. पण त्याहून लक्षात राहण्याजोगा बदल झाला तो त्यांच्या वृत्तीत. ते चिडखोर झाले, खिन्न झाले. रात्रंदिवस अन्नाच्याच गोष्टी करू लागले. काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवली! पुढे पोटभर अन्न मिळू लागले, तरी कित्येकांची भूक काही केल्या भागेना. हे सगळे पुरुष होते हे बरे झाले. स्त्रिया असत्या, तर "बायकांचा स्वभावच तसा" म्हणून कोणी त्याकडे लक्षही दिले नसते.

स्त्रियांवरचा एक प्रयोग 1975 सालचा आहे. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजातील मुलींना आधी मिल्कशेक पाजले आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी, पोट भरले असल्यामुळे, आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या नेहमी मोजूनमापून खात, त्यांनी मात्र मिल्कशेक पिऊनही उलट जास्तच खाल्ले! नेम मोडलाच आहे, मग आता हात कशाला आखडायचा, असा मनाचा हिशेब असतो. आपल्या डब्यातल्या पहिल्या करंजीमागून दुसरी येते ती याच वाटेने.

त्यात आपल्याकडची रीत अशी, की गृहिणी जेवते सर्वांच्या मागून, आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपवते. उपासाला साबुदाण्याची खिचडी असते. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात उष्मांक सुमारे 350. प्रथिने मात्र नावापुरती. जी काही असतात ती दाण्याच्या कुटातली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 24 टक्के प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या, आणि 57 टक्के रक्तक्षयाने पीडित. अंग भरले म्हणून ते पोसले गेले आहे असे समजू नये, हाच याचा अर्थ.

सगळाच दोष ताटाकडे नाही. झोप अपुरी पडली की भूक वाढते. थायरॉइड मंदावले तर वजन आणि उदासी हातात हात घालून येतात. मनाच्या दुखण्यावरील काही औषधांनीही वजन वाढते. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा चोरून भरमसाट खाणे आणि मागाहून उपाशी राहणे वा ओकारी काढणे वरचेवर होऊ लागले, तर डॉक्टरांना गाठावे. हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एरवीसाठी उपाय साधे आहेत. सकाळची न्याहारी चुकवू नये. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही किंवा अंडे असावे. करंजी खायची तर बशीत घेऊन, बसून, सर्वांदेखत खावी. चोरून खाल्लेल्या घासाची चवही लागत नाही आणि तृप्तीही होत नाही. वजनकाट्यावर रोज उठून चढू नये. आठवड्यातून एकदा पुरे.

आणि पतिराजांनी व सासूबाईंनी एवढे करावे : तिच्या अंगकाठीवर शेरे मारण्याऐवजी तिचे पान आपल्या पंक्तीला मांडावे, आणि ती येऊन बसेपर्यंत पहिला घास घेऊ नये.