दोन दिवसांचे शिबिर, महिनाभराची तयारी



दिवाळी झाली की आमच्या चाकूरच्या तरुण संघातील मुले विचारू लागतात, "दादा, यंदा शिबिर कुठं?" संघात चाकूर परिसरातील मुले आहेत, तशी किनवट तालुक्यातून शिकायला आलेली गोंड, कोलाम व आंध कुटुंबांतील मुलेही आहेत. शनिवारी पहाटे निघायचे, किनवटकडच्या एखाद्या गुड्याजवळ रात्रीचा मुक्काम करायचा आणि रविवारी परतायचे, एवढाच बेत असतो. अशी शिबिरे इतर मंडळ्यांनीही घ्यावीत असे वाटते. म्हणून तयारी कशी करावी हे येथे लिहीत आहे. त्याआधी आमची एक चूक सांगितली पाहिजे.

पहिल्या शिबिराच्या वेळी आम्ही ताडपत्री, दोर, बॅटऱ्या, तांदूळ, डाळ अशी सगळी यादी केली होती. डिसेंबरचे दिवस होते. मुले दिवसभर रान हिंडली, पाणी जेमतेम प्यायली आणि संध्याकाळी ओढ्याच्या गार पाण्यात डुंबली. रात्री एका मुलाचे पाय व पाठ असह्य दुखू लागली. दमला असेल म्हणून आम्ही तेल लावून चोळत बसलो. पहाटे दवाखान्यात नेल्यावर कळले की त्याला सिकलसेल आहे. त्याचे तपासणीचे कार्ड घरी आईच्या पेटीत होते. लेकराचा जीव वाचला, ही देवाची कृपा. आई आम्हाला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुम्ही इचारलंच नाही." आमच्या यादीत सगळे सामान होते, फक्त मुलांची माहिती नव्हती.

पहिली गोष्ट: विचारणे

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना होतात. पाणी कमी पडणे, थंडी, अतिश्रम आणि ताप ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत, आणि शिबिरात चारही एकत्र येऊ शकतात. आदिवासी भागात हा आजार अधिक आढळतो. म्हणून 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आता आम्ही महिनाभर आधी प्रत्येक घरी जातो आणि सिकलसेल, दमा, फिट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी हे सारे विचारून वहीत लिहितो. माहिती घरच्यांशी एकांतात बोलून घ्यावी, चारचौघांत नाही. सिकलसेलच्या मुलाला घरी ठेवू नये. डॉक्टरांना विचारून त्याला न्यावे, त्याच्या रोजच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात, पाणी वरचेवर पाजावे, उबदार कपडे द्यावेत आणि गार पाण्यात उतरू देऊ नये. दुखू लागले किंवा ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट: आईबापांची परवानगी

नुसती सही पुरेशी नाही. कुठे जाणार, कोण सोबत असणार, मुली कुठे झोपणार, संडासाची सोय काय, हे सगळे वाचून दाखवावे. मुलींसोबत किमान दोन महिला कार्यकर्त्या असाव्यात. कोणाही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन बाजूला जायचे नाही, हा नियम पाळकांनाही लागू आहे. 2012 चा पोक्सो कायदा सर्व कार्यकर्त्यांना समजावून सांगावा आणि 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मुलांना पाठ करून घ्यावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी. आपल्या संघातील पुष्कळ मुलांची घरे ख्रिस्ती नाहीत. सकाळी व रात्री प्रार्थना होईल आणि बसणे न बसणे मुलाच्या मर्जीवर राहील, असे परवानगीच्या कागदावरच लिहावे. जे आईबापांपासून लपवावे लागते ते सुवार्तेचे काम नव्हे.

तिसरी गोष्ट: जागा आधी पाहून येणे

दोघांनी आठवडाभर आधी जाऊन गावच्या पाटलाला, सरपंचाला आणि पोलीस पाटलाला भेटावे. अभयारण्यात किंवा राखीव वनात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नये, जाळ तर मुळीच करू नये. आम्ही शाळेचे पटांगण किंवा समाजमंदिर पसंत करतो.

सहस्रकुंडचा धबधबा पाहण्याचा हट्ट मुले हमखास धरतात. तो लांबूनच दाखवावा. पैनगंगेवर वरच्या बाजूला इसापूरचे धरण आहे. आपल्या डोक्यावर ढग नसला तरी धरणातून पाणी सोडले की नदी फुगते, आणि ओले खडक निसरडे असतात. पाण्यात कोणी उतरायचे नाही, हे घरून निघतानाच सांगावे. काठावर पोचल्यावर सांगून मुले ऐकत नाहीत.

चौथी गोष्ट: रात्र

ताडपत्रीवर वाकळ टाकून प्रत्येकाने मच्छरदाणीत झोपावे आणि तिच्या कडा वाकळीखाली घट्ट खोचाव्यात. डासांपेक्षाही मण्यारसाठी हे महत्त्वाचे आहे. मण्यार रात्री फिरते. ती झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा पुष्कळदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसली तर सर्पदंश समजून निघावे. कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवावा, 108 ला फोन करावा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात जावे. किनवटजवळ गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. लस शिल्लक आहे का, हे जागा पाहायला जातानाच विचारून घ्यावे. मोबाईलची रेंज कुठे येते आणि रात्री कोणाची गाडी मिळेल, हेही वहीत असावे.

पाचवी गोष्ट: रंगीत तालीम

पंधरा दिवस आधी आम्ही मुलांना वडवळ नागनाथच्या बेटावर दिवसभरासाठी नेतो. औषधी वनस्पतींसाठी ते प्रसिद्ध आहे, पण एक पानही तोडायचे नाही असा नियम असतो. कोणाची चप्पल तुटते, कोण पाणी आणत नाही, कोणाला धाप लागते, ते तिथेच कळते. न्याहारीला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असते, मोठ्या शिबिराच्या पहिल्या दिवशीही तेच. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे सांगून पाणी कसे जपून वापरायचे ते शिकवतो. मात्र पिण्याच्या पाण्यात काटकसर नको, ती भांडी घासताना करावी.

शेवटची गोष्ट: पाहुणे म्हणून जाणे

आपण कोणाला शिकवायला जात नाही, त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातो. गोंड वडीलधाऱ्यांना "जय सेवा" म्हणावे, देवस्थानापाशी चपला काढाव्यात, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. आपला कचरा आपणच परत आणावा. गेल्या शिबिरात चाकूरची मुले चूल पेटवताना रडकुंडीला आली, तेव्हा वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या कोलाम मुलाने दोन मिनिटांत जाळ करून दिला. सोमवारपासून वर्गातली मुले त्याला नावाने हाक मारू लागली. शिबिर कशासाठी, याचे उत्तर मला त्यात मिळाले.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. शहाणा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. आपल्या शिबिराचा खरा खर्च रुपयांत नाही. कोणाची तरी आई आपले लेकरू दोन दिवस आपल्या हवाली करते, तो हिशोब आधी मांडावा. वही भरली नसेल तर शिबिर पुढे ढकलावे. मुले रुसतील, पण रुसवा निघतो.

यंदाच्या शिबिरासाठी आपल्या प्रार्थनेत आमची आठवण असू द्या. आणि घरी जास्तीची मच्छरदाणी असेल तर तीही पाठवा.