विमानाची खिडकी आणि आपल्या पाण्याची वाट

बीड जिल्ह्यात अद्याप प्रवासी विमानसेवा नाही. येथील प्रवाशास विमानाने मुंबईला जावयाचे असल्यास सुमारे 130 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील चिकलठाणा विमानतळ गाठावे लागते. तेथून मुंबईचे हवाई अंतर सुमारे 280 किलोमीटर आहे. हा अल्पसा प्रवास अनेकजण डोळे मिटून करतात. आम्ही मात्र असे सुचवू की, तो एकदा तरी दिवसाउजेडी आणि खिडकीपाशी बसून करावा. कारण आपल्या जिल्ह्याला पाणी कोठून येते व ते अपुरे का पडते, हे या मार्गावर वरून पाहता येते.

प्रथम बाजू ठरवावी. मुंबईला जाताना विमान पश्चिमेकडे, किंचित नैर्ऋत्येस जाते. त्यामुळे डावीकडे दक्षिण व उजवीकडे उत्तर येते. एका रांगेत सहा आसने असलेल्या विमानांत 'ए' हे डाव्या खिडकीचे, तर 'एफ' हे उजव्या खिडकीचे आसन असते. जाताना 'ए' आसन घेतल्यास उड्डाणानंतर थोड्याच वेळात जायकवाडीचा विस्तीर्ण नाथसागर डावीकडे दिसू शकतो. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी आपल्या माजलगाव धरणापर्यंत येते.

परतीच्या प्रवासातही 'ए' आसनच मागावे. आता दिशा उलटल्याने डावीकडे उत्तर येते. आकाश निरभ्र असल्यास सह्याद्री ओलांडताना 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि त्याजवळील भंडारदरा जलाशय त्या बाजूस असतो. येथून निघणारी प्रवरा पुढे प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते व ते पाणी नाथसागरात येते. अशा रीतीने एकाच अक्षराच्या आसनावरून जाता-येता आपल्या पाण्याची वाट पाहून होते.

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना बहुतांश पाऊस तेथेच पाडतात. पूर्वेस उतरताना ते कोरडे होत जातात. घाटमाथ्यावरील गर्द हिरवा रंग पूर्वेकडे विरळ होत जातो, तेच आपले पर्जन्यछायेचे क्षेत्र. मात्र भर पावसाळ्यात ढगांमुळे खाली काहीच दिसत नाही. पाऊस सरल्यानंतरचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस सर्वांत चांगले. तेव्हा हवा स्वच्छ व जलाशय भरलेले असतात.

दुसरी गोष्ट पंखाची. मोठ्या जेट विमानांचे पंख खिडक्यांच्या खाली असल्याने मधल्या रांगांतून जमीन झाकली जाते. पंखापुढील आसन उत्तम. मागील आसनांवरून इंजिनाच्या उष्ण हवेमुळे दृश्य थरथरते. पंख वर असलेल्या लहान एटीआर विमानात ही अडचण कमी असते. हिवाळ्यात दुपारी सूर्य दक्षिणेस असतो, म्हणून जाताना डावीकडे ऊन डोळ्यांवर येते; त्याऐवजी सकाळचे विमान मिळाल्यास बरे.

आसन आधी निवडण्यास बहुधा वेगळे शुल्क पडते. ते टाळावयाचे असल्यास विमानतळावर लवकर पोहोचून खिडकीची विनंती करावी. शिल्लक असल्यास मिळते. हवामान व वाहतुकीनुसार वैमानिकास मार्ग बदलावा लागतो, हेही ध्यानी असावे.

कुटुंबात शाळकरी मूल असेल, तर खिडकी त्याला द्यावी आणि नाथसागर दिसताच माजलगावचे नाव सांगावे. भूगोलाचा हा धडा ते सहसा विसरणार नाही.